तोंड न लावलेला धोटा

देवराव गजभियेला बोलतं करायला फार कष्ट पडत नसत. इंदोरा वस्तीतल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरी जायचं, अंजनाबाईनं दिलेला चहा हातात घ्यायचा आणि सहज विचारायचं, "काका, ते हूकचं काय हाय म्हनते?" झालं. पाहुण्याचा चहा निवून पाणी झाला तरी गोष्ट काही संपायची नाही. अंजनाबाई मात्र गोष्ट सुरू झाली की उठून चुलीकडे जायची. ऐकून ऐकून कंटाळली असेल बिचारी, असं पाहुण्याला वाटे.

गोष्ट अशी होती. मिलमध्ये कापड विणलं जातं ते धोट्यानं. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता लाकडी ठोकळा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते आणि कुशीतल्या बारीक भोकातून सूत बाहेर येतं. धोटा मागावर इकडून तिकडे धावत राहतो, कापड वाढत जातं. पण कांडी ती केवढी! बघता बघता संपते. मग नवी बसवायची आणि तिच्या सुताचं टोक त्या भोकातून बाहेर काढायचं. बोट काही आत जात नाही. म्हणून मिलमधले सगळे विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावत आणि श्वास आत ओढत. सूत सुर्रकन ओठांवर येई. पाळी संपेपर्यंत हेच चाले.

"म्या नाई लावलं तोंड," देवराव सांगायचा. "अरे, तोंडानं ओढलं का रुई जाते छातीत. सुताबरोबर पोटात काय काय जाते, देवाले ठाऊक. म्या डोकं लावलं. सायकलच्या चाकाची तार घेतली, ठोकून चपटी केली, टोकाले जरासा वाक देल्ला. भोकातून आत घालाची, सुताले धराची अन् ओढाची. तोंडवाले श्वास घेऊन राहिले तवर माह्या धोटा मागावर!"

यात फुशारकी होती, पण खोटं नव्हतं. देवरावच्या हाताला खरोखर तोड नव्हती. हूक आत गेला कधी आणि सूत बाहेर आलं कधी, हे समोर उभं राहून पाहणाऱ्यालाही कळत नसे. त्याच्या मागावरच्या कापडाचा काठ असा सरळ असे की घडी करणारे लोक शिक्का न पाहता म्हणत, हे हूकवाल्याचं. बाहेरगावचे साहेबलोक मिल पाहायला आले की मागखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, मनोहरराव त्यांना आधी देवरावच्या मागापाशी उभं करी. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नसे, पण साहेबांच्या भुवया वर गेलेल्या देवरावला दिसत. त्या दिवशी तो घरी जरा ताठ चालत जाई. माणसाला आपल्या कामाचा अभिमान वाटावा यात वाईट काय आहे? काही नाही. पण देवरावच्या गोष्टीत सुरुवातीचा एक तुकडा गाळलेला असे, आणि चुलीकडे उठून जाणाऱ्या अंजनाबाईला तो ठाऊक होता.

नवराबायकोनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यानंतरच्या एकदोन वर्षांतली ही गोष्ट. तोवर देवराव सूतखात्यात होता. त्याचे सगळे भाऊबंद सूतखात्यातच असत. मागखात्याचं दार त्यांना बंद होतं, आणि त्या दाराला कुलूप होतं धोट्याचं. सकाळच्या पाळीत जो धोटा एकाच्या तोंडाला लागतो तोच दुपारच्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. मग महाराच्या उष्ट्या धोट्याला आम्ही तोंड कसं लावायचं, असा मागवाल्यांचा सवाल. अस्पृश्यता बंदीचा कायदा झाला होता, युनियनच्या सभेत भाषणं झाली होती, टाळ्याही झाल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतलेच काही जण दुसऱ्या दिवशी मनोहररावाकडे जाऊन कुरकुरले.

मनोहररावानं देवरावला नळापाशी बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्याला भांडण नको होतं एवढंच, आणि अशी भांडण नको असलेली माणसंच जगात जास्त नुकसान करतात.

"देवराव, मी तुले मागावर घेतो," तो म्हणाला. "तुया हात चांगला हाय. पन लोकं गडबड करून राहिले. तू असं कर ना, तोंडच नको लावू धोट्याले. दुसरं काही पाह्य."

देवराव भांडू शकला असता. कायदा त्याच्या बाजूनं होता. पण त्याला कापड विणायचं होतं. सूतखात्यात वर्षानुवर्षं सूत काढून दुसऱ्याला द्यायचं आणि त्याचं पुढे काय होतं ते दारातून बघायचं, याचा त्याला वीट आला होता. दगडापेक्षा वीट मऊ, असं मनाशी म्हणून तो हो म्हणाला. घरी येऊन अंगणात सायकलची जुनी तार ठोकत बसला. अंजनाबाईनं विचारलं, "हे कायले?" तेव्हा त्यानं तिला सगळं खरं सांगितलं. आयुष्यात एकदाच सांगितलं.

"नको जाऊ तिथं," ती म्हणाली. "आपलं सूतखातंच बरं."

तो गेला. पहिले काही महिने त्याची बोटं रक्ताळत. हूक सुताला धरायचा नाही, धरला तर सूत तुटायचं. बाजूचे लोक हसायचे. मग हात बसला. मग हात असा बसला की हसणारे गप्प झाले, आणि काही वर्षांनी तेच लोक नव्या माणसाला सांगू लागले, जा, हूकवाल्याचा हात पाहून ये. पुढे कधीतरी मिलच्या डॉक्टरानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं की तोंडानं सूत ओढणं छातीला बरं नाही. देवरावला आयतं कारण सापडलं. त्यानं ते गोष्टीच्या सुरुवातीला बसवलं, आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच खरं वाटू लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसरी माणसंही ते जुनं सगळं विसरली असतील असं तो धरून चालला होता.

त्याच्याच मागावर दुपारच्या पाळीला जागेश्वर येई. पिढ्यानपिढ्या विणकराचं घर. हातमागावर पोट भरेना म्हणून जागेश्वर मिलमध्ये आला होता. पाळी बदलताना दोघांची गाठ पडे. "देवरावभाऊ, काय म्हनते माग?" "मस्त हाय. डाव्या अंगाची दोरी पाह्यजो, ढिली होऊन राहिली." असं रोजचं बोलणं. दोघांचा एकमेकांवर जीव होता. देवरावच्या मुलीच्या लग्नात जागेश्वर अहेर घेऊन आला, मांडवात दिवसभर राबला, पाहुण्यांना पाणी दिलं. जेवला मात्र नाही. "आज उपास हाय गा," म्हणाला. देवरावनं त्याच्यासाठी केळी आणवली होती. तीही तो खायची विसरून गेला.

मुलगी सासरी गेली. राहिला गोविंदा. मॅट्रिकला दोनदा आपटला, सदर बाजारातल्या एका दुकानात काही दिवस कपड्यांच्या घड्या केल्या, आणि शेवटी बापाच्या वशिल्यानं बदली कामगार म्हणून मागखात्यात लागला. तोवर काळ बदलला होता. इंदोऱ्यातली आणखी पोरं मागावर आली होती आणि सगळ्यांसारखीच सरळ धोट्याला तोंड लावत होती. जुने लोक आतल्या आत धुसफुसत, पण तरण्या पोरांच्या वाटेला जायची छाती कुणाची नव्हती. दुपारच्या पाळीला आपल्या मागावर कोण येतं आणि कोण गेलं, याचा हिशेब ठेवायचं हळूहळू सुटत चाललं होतं.

गोविंदाच्या पहिल्याच दिवशी देवरावनं त्याच्या हातात नवा हूक ठेवला. तो त्यानं स्वतः घासून, तेल लावून तयार केला होता.

"हे आपल्या घरचं हाय," तो म्हणाला. "बाकीचे तोंड लावतीन. तू नको लावू."

गोविंदाचा बापावर विश्वास होता. लहानपणापासून तो ती गोष्ट ऐकत आला होता, शाळेत मास्तरांनाही त्यानं सांगितली होती. त्यानं मान खाली घालून हूक चालवायला घेतला. त्याला ते जमेना. सूत तुटे, माग थांबून राही. बाजूचा पोरगा ओरडून म्हणे, "अबे, लाव ना तोंड, हे काय सुईकाम करून राहिला!" गोविंदा ऐकायचा नाही. बापाची कला आहे, आपल्याला आली पाहिजे, या हट्टानं तो बोटं सोलून घेत होता. देवराव आपल्या मागावरून तिकडे बघे आणि त्याच्या मनात येई की आपण जाऊ, पण हात राहील. म्हातारपणी त्याला एवढंच हवं होतं.

देवरावचा मिलमधला शेवटचा दिवस उजाडला. उन्हाळा होता, मागखात्यात वाफेनं जीव घाबरा होत होता. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी वर्गणी काढून छोटा कार्यक्रम ठेवला होता. खात्याबाहेरच्या कडुनिंबाखाली टेबल, त्यावर बाबासाहेबांचा आणि बाजूला मिलमालकांचा फोटो, हार, नारळ, शाल. बुंदीची पुडकी. जागेश्वरची पाळी नंतरची, पण तो मुद्दाम लवकर आला होता, धुतलेली टोपी घालून. मनोहरराव आता म्हातारा झाला होता. त्यानं चार शब्द बोलून शाल घातली. देवराव संकोचून हसत होता. गोविंदा पहिल्या रांगेत उकिडवा बसला होता.

"मले दोन शब्द बोलाचे हाय," जागेश्वर उठून म्हणाला.

लोक हसले. जागेश्वर सभेत बोलणारा माणूस नव्हता.

"आमच्या देवरावभाऊसारखा समजदार मानूस या मिलमंधी दुसरा झाला नाई," तो म्हणाला. "इतके वर्सं हा अन् मी एकाच मागावर. सकाळी हा, दुपारी मी. आमचं घर सोवळ्याचं. माह्यी माय जित्ती होती तवा रोज विचारे, जागेश्वर, तुये धोटे कोनाच्या तोंडाचे असते रे? म्या तिले सांगे, माय, तू चिंता नको करू. माह्या जोडीदार देवराव हाय. दुसरा असता तं त्यानं कायदा दाखवला असता. यानं नाई दाखवला. स्वतःची जागा वळखून राह्यला. इतक्या वर्सांत एक दिवस, एक दिवस बी यानं आमचा धोटा बाटू नाई देल्ला. असा मानूस आता भेटनार नाई."

त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. ते अश्रू खरे होते, हेच तर वाईट. जुन्या लोकांनी माना हलवल्या आणि मनापासून टाळ्या वाजवल्या. मनोहरराव म्हणाला, "बरोबर हाय, बरोबर हाय."

देवरावच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. ते काढून कुठे ठेवावं हे त्याला कळेना. भुवया उंचावणारे साहेब, घडी करणारे लोक, "हूकवाल्याचा हात पाहून ये" म्हणणारे म्हातारे, सगळे त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. हे लोक इतकी वर्षं आपला हात बघत होते असं त्याला वाटलं होतं. ते बघत होते आपलं तोंड, ते कुठे लागत नाही ना, एवढंच. लाज कशी असते ते तो विसरून गेला होता. ती आता एकदम सगळीच्या सगळी परत आली, आणि अंगावर शाल असताना आली.

तरणी पोरं टाळ्या न वाजवता उठली. गोविंदा बसूनच होता. कार्यक्रम मोडल्यावर तो बापापाशी आला.

"बाबा, जागेश्वरकाका काय म्हनले?"

"म्हनले काहीतरी. साधा मानूस हाय तो."

"छातीत रुई जाते म्हनून हूक केला, असं सांगतलं होतं तुमी."

"रुई जाते, ते बी खरंच हाय."

"अन् हे?"

बुंदीचं पुडकं देवरावच्या हातात दबून गेलं होतं.

"तुमचं मी समजू शकतो," गोविंदा हळू म्हणाला. त्याचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. "तवा तुमचा इलाज नव्हता. पन मले काहून शिकवलं? मले तं कोनी म्हनलं नव्हतं."

माणूस आपल्या मुलाला आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं असतं ते देतो. देवरावनंही तेच दिलं होतं. ते कुठून आलं होतं, एवढंच तो विसरला होता.

भोंगा झाला, माग सुरू झाले. पाळीचा उरलेला वेळ होता. देवराव शाल दाराशी खुंटीला अडकवून आपल्या मागापाशी गेला. दोन रांगा पलीकडे गोविंदा दिसत होता. त्याची कांडी संपली. त्यानं धोटा काढला, कांडी बसवली, आणि बापाकडे न बघता धोटा तोंडाला लावला. पहिल्या खेपेला सूत आलं नाही. दुसऱ्या खेपेला आलं. बाजूचा पोरगा काहीतरी ओरडून हसला आणि गोविंदाच्या पाठीवर थाप मारली.

देवरावचीही कांडी संपली. त्याच्या हातानं सवयीनं हूक उचलला. मग त्यानं तो खाली ठेवला. धोटा दोन्ही हातांत धरून वर नेला आणि तोंडाला लावला. लाकूड गरम होतं, तेलाचा वास येत होता. त्यानं श्वास ओढला. भसकन रुई घशात गेली आणि त्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. पुन्हा ओढलं. सूत आतल्या आत गुंतलं. जे काम कालचं आलेलं पोरगं सहज करतं ते मागखात्यातल्या सगळ्यात जुन्या विणकराला येत नव्हतं. कसं येणार? त्याला ते कधी करूच दिलं नव्हतं. माग थांबला होता. देवरावचा माग असा थांबलेला कुणी पाहिला नव्हता.

गोविंदा आला. त्याचा राग अजून गेला नव्हता, तोंड तसंच होतं. पण तो आला आणि बापाच्या कानाशी वाकून ओरडला, "जोरात नाई बाबा! भोक वोठानं पुरं झाका, अन् जरासंच ओढा!"

देवरावनं तसं केलं. सुताचं ओलं टोक त्याच्या जिभेवर आलं. त्यानं ते बोटांनी धरून बाहेर काढलं आणि गोविंदाकडे बघितलं. गोविंदानं मान हलवली आणि तो आपल्या मागाकडे पळाला. देवरावनं माग चालू केला. त्यानंतरची प्रत्येक कांडी त्यानं तोंडानंच भरली. हळू भरली, ठसकत भरली. त्या दिवशी त्याचं कापड नेहमीपेक्षा कमी निघालं.

शेवटची कांडी भरत असताना त्यानं मान वर केली तर समोर जागेश्वर उभा होता. पाळी बदलायची वेळ झाली होती. जागेश्वरनं सगळं पाहिलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पोराबाळांसमोर म्हाताऱ्याच्या हातून काही सांडलं की आपण नजर दुसरीकडे वळवतो, तसं त्यानं केलं.

"झालं का देवरावभाऊ?" तो म्हणाला. "जा आता घरी. आराम करा."

भोंगा झाला. जागेश्वरनं माग थांबवला, मागावरचा आणि हाताशी ठेवलेला असे दोन्ही धोटे काढले आणि बोटांच्या चिमटीत धरून भिंतीजवळच्या नळाकडे गेला. देवराव बघत राहिला. जागेश्वरनं नळ सोडला आणि एकेक धोटा पाण्याखाली धरून चोळून चोळून धुतला, आतून, बाहेरून, भोकात बोटाचं नख घालून.

धोट्याला पाणी लावायचं नसतं. ओलं लाकूड फुगतं, मागात अडकतं, कापडावर तेलकट डाग धरतं. विणकराच्या घरात चालायला शिकलेल्या पोरालाही हे माहीत असतं. जागेश्वरच्या आजापणज्यांनी धोट्याची पूजा केली होती, आणि तो आज धोटा नळाखाली धरून उभा होता.

देवराव त्याच्यापाशी गेला. गोविंदा मागून धावत आला. त्याला वाटलं, बाप आता काहीतरी बोलेल, निदान शिवी तरी देईल. त्यानं द्यायला हवी होती. देवरावच्या तोंडातून शब्द निघाले ते असे:

"जागेश्वर, कोरडा पुस गा नीट. डाग पडन कापडाले."

"हो, हो," जागेश्वर ओशाळून म्हणाला आणि उपरण्यानं धोटे पुसू लागला.

"बाबा, चला," गोविंदा म्हणाला.

देवराव हलला नाही. जागेश्वरनं धोटे पुसले, कांडी बसवली, माग चालू केला. देवराव मागाशेजारी वाकून उभा राहिला आणि नवं कापड बोटभर, मग वीतभर पुढे येईपर्यंत त्यानं ते डोळ्यांजवळ नेऊन तपासलं. काठ सरळ होता. डाग पडला नव्हता. एवढं बघून झाल्यावर तो वळला, गोविंदाचा खांदा धरला, आणि मग सगळ्या खात्यादेखत देवरावला रडू फुटलं.